‘भाव आण’ असे न म्हणणारा पेटीचा वर्ग

बेळगावात शहापूर संपून वडगाव सुरू होते त्या बाजूला, एका घरात यंत्रमाग खटखटत असतो आणि शेजारच्या घरात दुपारची झोप चाललेली असते अशा एका गल्लीत, माडीवर हा पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, वर्ग भरतो. वर्गाला नाव नाही, दारावर पाटी नाही, आणि मी त्याबद्दल लिहिणार आहे हे कळल्यावर ‘लिहा, पण नाव-पत्ता नको, आहेत तेवढी मुले मला पुरेत’ अशी अट सरांनी घातली. त्यामुळे हे परीक्षण एका निनावी वर्गाचे आहे. गल्लीत शिरून ‘पेटीचे सर’ एवढे विचारले तरी लोक माडी दाखवतात, आणि कोणी भेटले नाही तर संध्याकाळी पाचनंतर ती कानाने सापडते.

आम्ही खानापूरला राहतो. माझी तेरा वर्षांची मुलगी गेले वर्षभर दर शनिवारी आणि रविवारी या वर्गाला येते, आणि तिला एकटीने बसने पाठवायचे नाही म्हणून मीही येते. सुरुवातीला मी खाली ओट्यावर वाचत बसत असे. पुढे पावसाळा आला, ओटा भिजला, आणि सरांनी मला वर बोलावून मागच्या सतरंजीवर बसवले. मी भजनी मंडळात गरजेपुरती पेटी धरते, म्हणजे सूर द्यायचा आणि चाल सांभाळायची इतपत. त्यामुळे पुढचे मत अर्धे पालकाचे आणि अर्धे चोरून शिकलेल्या विद्यार्थिनीचे आहे असे समजावे.

इथे येण्याचे कारण आधी सांगते. मुलगी त्यापूर्वी चार वर्षे दुसऱ्या एका वर्गात शिकत होती. त्या वर्गाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तिथे जे घडले ते आपल्या भागातील बऱ्याच वर्गांत घडते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि त्या वर्गाचे सारे कामकाज त्या दोन तारखांभोवती फिरत असे. प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली, प्रवेशिका पूर्ण पहिल्या श्रेणीत झाली. अलंकार (सुरांचे सराव) पाठ, रागाची माहिती पाठ, तालाची दुगुण, म्हणजे दुप्पट लय, हातावर पाठ. मग एका गणपतीत पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून तिने भूप रागातील बंदिश ताना-आलापांसकट वाजवली. एकही सूर चुकला नाही. माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी संगीत नाटकांसाठी रात्री जागवलेल्या आहेत. ते शेवटपर्यंत शांत बसले आणि मग म्हणाले, ‘सगळं बरोबर हाय, पण पोरगी पाढे म्हटल्यागत वाजवतीया.’

हे मी आधीच्या सरांच्या कानावर घातले. त्यांनी ते मनावर घेतले नाही असे मी म्हणणार नाही. पुढच्या तासापासून ते प्रत्येक ओळीनंतर ‘भाव आण गं, भाव आण’ असे सांगू लागले. मुलगी आज्ञाधारक आहे. तिने डोळे मिटायला सुरुवात केली, मान डोलवायला सुरुवात केली, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किंचित हसायलाही सुरुवात केली. वाजवण्यात मात्र तसूभर फरक पडला नाही, आणि पडणार तरी कसा? बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ‘भाव आण’ म्हणणे म्हणजे दुकानात पाठवून ‘चांगले काहीतरी आण’ म्हणण्यासारखे आहे. काय आणायचे, किती आणायचे आणि ते कुठे मिळते, यांतले तिला काहीच सांगितलेले नसते.

नव्या वर्गातील पहिली गोष्ट म्हणजे पहिले तीन महिने ‘भाव’ हा शब्द सरांच्या तोंडून मी ऐकलाच नाही. पहिल्या दिवशी मुलीने आपली परीक्षेची बंदिश वाजवून दाखवली. त्यांनी ती पूर्ण ऐकली, ‘बोटे तयार आहेत’ एवढेच म्हणाले आणि उजवा हात मांडीवर ठेवायला सांगितला. पुढचा दीड तास काळी पाचचा षड्ज, म्हणजे सा, शेजारच्या मुलाने दाबून धरला, आणि तिने डाव्या हाताने फक्त पेटीत हवा भरणारा भाता मारला.

याची मला त्या दिवशी गंमत वाटली आणि थोडा रागही आला, कारण महिन्याचे नऊशे रुपये आणि येण्याजाण्याचे भाडे देऊन मुलगी पंखा हलवायला आणली की काय असे वाटून गेले. पण यामागचा विचार पक्का आहे. पियानोची पट्टी जोरात मारली तर आवाज मोठा येतो आणि हळू दाबली तर लहान येतो. पेटीच्या पट्टीला हे कळत नाही. पट्टी दाबली की आतील भोक उघडते, हवा पितळी जिभेवरून जाते, जीभ थरथरते आणि सूर लागतो; तो मोठा लागणार की लहान, हे बहुतांशी त्या हवेच्या दाबावर ठरते, आणि तो दाब डाव्या हाताच्या हाती असतो. म्हणजे आवाज चढवणे, उतरवणे, एखादा सूर हळूच सोडून देणे, एखाद्याला छातीशी धरल्यासारखे धरणे, हे सारे डाव्या हातात आहे आणि आपल्याकडे परीक्षा मात्र उजव्या हाताची होते. चार वर्षांत मुलीला भाता कसा मारावा हे कोणी शिकवले नव्हते. ‘हवा कमी पडू देऊ नकोस’ एवढेच तिला माहीत होते.

भात्याच्या अभ्यासासाठी सर जी युक्ती वापरतात ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दोन मुलांची जोडी असते. एकजण सोळा मात्रांत एकच सूर शून्यातून वाढवत नेतो आणि परत शून्यात उतरवतो. दुसरा डोळे मिटून, हातात दगडी पाटी आणि पेन्सिल घेऊन, कानाला जे ऐकू येईल त्याची रेघ ओढतो. आवाज वाढला की रेघ वर, कमी झाला की खाली. मग दोघांनी मिळून पाटी पाहायची. रेघ टेकडीसारखी यायला हवी. माझ्या मुलीची पहिली रेघ करवतीसारखी आली, कारण भात्याचा प्रत्येक हेलकावा सुरात धक्का बनून उतरत होता आणि हे तिला स्वतःला कधीच ऐकू आले नव्हते. पेटीच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेला दुसरा भाता असतो, तो हवा साठवतो आणि बाहेरच्या भात्याचे हेलकावे सोसून घेतो. सूर सुरू करण्याआधी तो किती भरलेला ठेवायचा, कोणत्या क्षणी बाहेरचा भाता उघडायचा आणि तो उघडल्याचे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही, याला दीड महिना लागला. फार दाब दिला तर सूर किंचित उतरतो, हेही तिथेच तानपुऱ्याशी ताडून दाखवले गेले. सहा आठवड्यांनी पाटीवर टेकडी आली. ओबडधोबड होती, पण टेकडी होती.

वर्गात निम्मी मुले मराठी घरांतील आणि निम्मी कन्नड घरांतील आहेत. सर दोन्ही भाषांत शिकवतात, बहुतेक वेळा एकाच वाक्यात. भात्याला ते ‘उसिरु’ म्हणतात. कन्नडमध्ये उसिरु म्हणजे श्वास. आता आमची मुलगीही घरी ‘उसिरु चुकला’ असे म्हणते. कोणी गरजेपेक्षा जास्त गोड करू लागला, प्रत्येक सुराला हेल देऊ लागला, की ‘साकु’, म्हणजे पुरे, एवढा एकच शब्द येतो, आणि मुले हसून थांबतात. या भागात भाषेवरून किती आणि काय काय झाले आहे ते मी सांगायला नको. माडीवर ते चढत नाही, एवढी नोंद करून पुढे जाते.

भात्यानंतर बोलण्याचा अभ्यास आला, आणि मला विचाराल तर या वर्गाचे खरे मोल इथे आहे. सरांनी मुलांना एक वाक्य दिले: ‘तू आलास.’ दोन शब्द, बोलताना तीन तुकडे: तू, आ, लास. ते आधी तोंडाने म्हणायचे. बऱ्याच दिवसांनी भाऊ दारात दिसला तर कसे म्हणाल? तासभर वाट पाहायला लावणाऱ्या मित्राला कसे म्हणाल? ज्याला बोलावलेच नव्हते त्याला कसे म्हणाल? तोच आला की दुसरा कोणी, याची खात्री नसताना अंधारात कसे विचाराल? प्रत्येक मुलाने म्हणून दाखवले, इतरांनी ओळखले. कन्नड मुलांनी त्याचे कन्नड केले आणि तसेच म्हणून दाखवले. मग सरांनी त्या तीन तुकड्यांना गंधार, रिषभ, षड्ज असे तीन सूर दिले आणि हेच चारही प्रकार पेटीवर मागितले. सूर बदलायचे नाहीत, क्रम बदलायचा नाही. बदलता येतात त्या गोष्टी मोजक्याच: कोणता सूर लांबवायचा, कोणता आखडायचा, जोर कुठे द्यायचा, दोन सुरांमध्ये जागा ठेवायची की एकमेकांना चिकटवायचे, आणि शेवटचा सूर पुरा म्हणायचा की हवेत सोडायचा.

पहिल्या दिवशी कोणालाही काही ओळखता आले नाही. चारही वेळा नुसतेच ग, रे, सा वाजले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने रागावलेले ‘आलास एकदाचा’ असे वाजवले की सगळा वर्ग एकदम हसला, आणि त्याने काय केले ते सरांनी त्याच्याकडूनच काढून घेतले: गंधार तुटक, रिषभावर भात्याचा झटका, षड्ज लांब आणि सपाट. ही कृती मुलांनी वहीत लिहून घेतली. म्हणजे राग कसा आणायचा हे कोणी सांगितले नाही. रागावलेला माणूस बोलताना काय करतो ते मुलांनीच पाहिले, मोजले आणि हाताला शिकवले. ‘भाव आण’ आणि हे, यांच्यातील अंतर मला त्या दिवशी कळले.

पुढे हीच रीत बंदिशीला आणि अभंगाला लागली. कोणतीही ओळ वाजवण्याआधी ती म्हणायची, अर्थ सांगायचा, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचे आणि मग गाऊन दाखवायची. आवाज चांगला नसला तरी चालतो. बेसूर गाण्याला इथे माफी आहे, न गाता वाजवण्याला नाही. कन्नड मुले शिवशरणांची वचने आणतात, मराठी मुले अभंग आणतात, आणि ज्याने आणले त्याने इतरांना अर्थ समजावून द्यायचा असा नियम आहे. शब्द कळल्याशिवाय ओळ कुठे तोडायची ते कळत नाही, हे पेटीवर फार चटकन उघडे पडते. आमच्या भजनी मंडळात एका अभंगाचा चरण आम्ही वर्षानुवर्षे एका शब्दाच्या मधोमध तोडत होतो, कारण चाल तिथे समेवर येते. हे मला मागच्या सतरंजीवर बसून समजले. मंडळात सांगितल्यावर दोघीजणी रुसल्या, पण आता आम्ही तिथे थांबत नाही.

भूपाचे काय झाले ते सांगायला हवे, कारण सुरुवात तिथून झाली होती. सरांनी मुलीचा भूप काढून घेतला नाही. त्याच्या शेजारी देसकार ठेवला. दोन्ही रागांत सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्याचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार. देसकार सकाळचा, त्याचा वादी धैवत आणि त्याची वस्ती सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात. ही माहिती मुलीला परीक्षेसाठी पाठच होती, तोंडी परीक्षेत तिने ती सांगितलीही होती. पण वादी म्हणजे उत्तरपत्रिकेत लिहायचा सूर, असाच तिचा समज होता. इथे पंधरा दिवस तिने फक्त एवढेच केले: त्याच पाच सुरांत फिरायचे आणि एकदा गंधारावर घर करायचे, एकदा धैवतावर. गंधारावर थांबून षड्जाकडे उतरले की सगळे शांत होते, आणि धैवत धरून पंचमावर आले की त्याच सुरांत उजाडते. कुठे थांबायचे एवढ्यावर रागाचा चेहरा बदलतो, हे तिने स्वतःच्या बोटांनी पाहिले. मोठ्या मुलांना सर याच रीतीने मारवा, पूरिया आणि सोहनी एकत्र देतात. तिथे सहा सूर सारखे असतात आणि गुंता बराच वाढतो, त्यामुळे आमची पाळी अजून आलेली नाही.

पेटीवर भाव शिकवायचा म्हटले की एक जुना आक्षेप येतोच, आणि सर तो टाळत नाहीत. पेटीत सप्तकाचे बारा सूर ठरलेले असतात. दोन सुरांमधून घसरत जाणारी मींड तिच्यावर खऱ्या अर्थाने निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे लागत नाहीत. याच कारणांनी १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. सर हे मुलांना सांगतात, आणि लगेच हेही सांगतात की त्या सगळ्या काळात बेळगावात पेटी वाजत होतीच. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी याच गावात अनेक दशके पेटी शिकवली, मोठमोठ्या गायकांना साथ केली आणि स्वतंत्र वादनही केले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे सर वर्गात लावतात आणि ‘इथे मींड ऐकू आली का?’ असे विचारतात. मुले हो म्हणतात. ‘पेटीत मींड नाही, मग काय ऐकलेत?’ असा पुढचा प्रश्न येतो.

उत्तराला सर सभ्य फसवणूक म्हणतात. पहिल्या सुराची पट्टी पूर्ण सुटण्याआधी दुसरी दाबायची, त्या सांध्यावर भाता क्षणभर नरम करायचा, मधल्या सुराचा कण बोट टेकले न टेकले असा लावायचा, आणि पोहोचल्यावर सूर हळूच फुलवायचा. कानाला घसरल्याचा भास होतो. यात वेळेचे गणित इतके बारीक आहे की माझ्या वयाच्या बोटांना ते जमत नाही; मुलीला चौथ्या महिन्यात एकदा जमले, मग आठवडाभर गेले, मग पुन्हा आले. मुरक्या आणि खटके, म्हणजे सुरांचे झटपट छोटे दागिने, त्या मानाने लवकर बसतात. किंबहुना ते लवकर बसतात हीच अडचण आहे, कारण मग मुले ते सगळीकडे पेरतात आणि माडीवर दिवसभर ‘साकु, साकु’ चालते.

साथीचा तास महिन्यातून एकदा असतो. एखादा गाणारा किंवा गाणारी येते, नाहीतर सर स्वतः गातात, आणि मुलांनी मागे जायचे. गायकाच्या पुढे पळणारा आणि त्याला अगदीच मोकळे सोडणारा, दोघांचेही कान तिथे सुधारतात. गायक थांबला की पेटीने भरलेच पाहिजे असे नाही, हे मुलांना सर्वांत जड जाते. जागा दिसली की ती तिथे तान कोंबतात. यासाठी सर कुमार गंधर्वांचे गाणे ऐकवतात. कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मले, ऐन तारुण्यात क्षयाने त्यांचे गाणे काही वर्षे बंद पडले, आणि ते परत गाऊ लागले तेव्हा लहान लहान तुकड्यांचे, मध्ये जागा ठेवणारे त्यांचे गाणे लोकांनी ऐकले. मुलांनी तुकडे मोजायचे नसतात, मधल्या जागा मोजायच्या असतात. माझ्या मुलीने एका ध्वनिमुद्रणातील पाच मिनिटांच्या जागा वहीत खुणांनी मांडल्या आहेत. त्या पानावर एकही सूर लिहिलेला नाही.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

ताल हा या वर्गाचा दुबळा भाग आहे. तबलजी फक्त साथीच्या तासाला येतात. एरवी मोबाइलवरील तबला लावला जातो. तो ठेका बिनचूक देतो, पण वाजवणाऱ्याकडे पाहत नाही. मुलीने एखादा सूर लांबवला तर खरा तबलजी समेच्या आधी तिच्याकडे पाहतो, तिला जवळ करतो. मोबाइल तिला मागे टाकून जातो. ज्या वर्गात सुरांच्या श्वासावर एवढी मेहनत घेतली जाते तिथे लय यंत्रावर सोपवावी हे मला पटलेले नाही. मी हे सरांना म्हटले. ‘ताई, तबलजीला रोज द्यायला पैसे कुठले?’ असे ते म्हणाले. फी शंभर-दोनशेने वाढवून तबलजी आणावा असे माझे मत आहे. सगळ्या पालकांचे तसे असेलच असे नाही.

पेट्यांची स्थिती बरी नाही. वर्गात पाच पेट्या आहेत. एकीचा भाता हवा गळतो, दुसरीच्या दोन पट्ट्या पावसाळ्यात फुगून अडकतात. बेळगावच्या पावसात लाकडाचे जे होते ते होतेच हे मान्य, पण भात्यावर दीड महिना घालवणाऱ्या वर्गात गळका भाता असावा हे योग्य नाही. आम्ही जुलैपासून घरची पेटी गोधडीत गुंडाळून बसने आणतो. वाहक तिचे वेगळे तिकीट मागतो.

परीक्षेच्या बाबतीत इथे काहीही मिळत नाही. सर परीक्षेच्या विरोधात नाहीत; ‘बसवायचे तर बसवा, तयारी घरी करून घ्या’ असे म्हणतात. लेखी भाग, तालांची दुगुण-चौगुण, रागांच्या व्याख्या, यांना इथे वेळ दिला जात नाही. ज्यांना प्रमाणपत्र हवे आहे आणि त्याचा पुढे शाळेत किंवा नोकरीत उपयोग होणार आहे, त्यांची इथे कुचंबणा होईल.

शेवटची तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती नीट मांडता येते का पाहते. या वर्गातील जुनी मुले, म्हणजे चार-पाच वर्षे शिकलेली, फार सुंदर वाजवतात. पण सहा महिन्यांनंतर माझ्या लक्षात आले की ती सगळी एकाच ठिकाणी सुंदर वाजवतात. त्याच ओळीला तोच उसिरु, त्याच धैवतावर तीच फुगलेली टेकडी, अंतऱ्याच्या तोंडाशी तीच पाव मात्रेची ओढ. ही सगळी सरांची ओढ आहे. आधीच्या वर्गात मुलांनी सूर पाठ केले होते. इथे पाचव्या वर्षापर्यंत भावही पाठ होतो की काय, अशी मला शंका आहे. गुरूची नक्कल करत करतच शिकायचे असते, हे आपल्या संगीतात चालत आलेले आहे आणि ते मला नाकारायचे नाही. पण ‘तू आलास’ चार तऱ्हांनी म्हणायला लावणाऱ्या माणसाने बंदिशीच्या वेळी स्वतःचीच एक तऱ्हा पक्की करून द्यावी, यात विसंगती आहे. सरांची आवडही तशी अरुंद आहे. नाट्यपद, अभंग, वचन आणि ठुमरीचा थोडा बाज, एवढ्यात ते रमतात. चित्रपटगीत कोणी आणले तर नाक मुरडतात, आणि मुलांची निम्मी ऊब तर तिथेच असते.

हेही मी त्यांना विचारले. ते रागावले नाहीत. बराच वेळ भात्यावरची धूळ पुसत राहिले आणि मग मुलीला म्हणाले, ‘पुढच्या शनिवारी मी न सांगितलेली ओळ वाजवून आण.’ ती आठवडाभर घरी एकच ओळ घासत होती. शनिवारी तिने भूपातीलच ओळ वाजवली, पण गंधारावर सर थांबतात तिथे न थांबता पुढच्या रिषभावर थांबली, अगदी हलक्या भात्यावर, आणि षड्जाला गेलीच नाही. मला ते अपुरे वाटले. सरांनी पुन्हा वाजवायला सांगितले, पाटी घेतली, रेघ ओढली आणि ती पाटी पुसायची नाही म्हणून खिडकीत उभी करून ठेवली. बरोबर की चूक ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

ज्यांना विचार करायचा असेल त्यांच्यासाठी: बॅच आठ मुलांची, शनिवार-रविवार दीड-दीड तास, फी महिना नऊशे, स्वतःची पेटी असेल तर उत्तम. निदान अलंकार-पलटे हातात बसलेले असावेत. अगदी नवशिक्याला सर घेत नाहीत. नवीन प्रवेश दिवाळीनंतर, आणि त्याआधी एक पूर्ण तास मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे लागते. जिना अरुंद आहे, वयस्कर माणसांनी दोर धरून चढावे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ सरांना आधीच सांगून ठेवावी, कारण त्यांना घड्याळ दिसत नाही.

मध्यमा प्रथम या पुढच्या परीक्षेचा फॉर्म आम्ही या वेळी भरलेला नाही.